पहिल्या करंटला हात नको

माझ्या सासऱ्यांची एक रीत होती. नवं मशीन चालू करायचं असलं की ते डावा तळहात मशीनच्या अंगावर ठेवायचे आणि उजव्या हातानं हिरवं बटण दाबायचे. आमच्या अंबडच्या कारखान्यात जितकी मशीनं आली तितकी सगळी अशीच सुरू झाली. "मशीन आधी हाताला सांगतं, कानाला मागनं कळतं," म्हणायचे. मूळचे नांदगावकडचे, त्यामुळे 'लय' आणि 'नाय' तोंडातून कधी गेलं नाही. सगळे त्यांना नाना म्हणायचे, कामगार, चहावाला, बँकेतले साहेबसुद्धा. मीही नानाच म्हणायचे.

लग्न होऊन मी त्या घरात आले ती बी.ए. मराठी करून. मशीन म्हटलं की मला शिवणाचं मशीन आठवायचं. पण नानांना घरात रिकामी बसलेली माणसं बघवत नसत. "सूनबाई, हापिसात बसा, फोन तरी घ्या," म्हणून त्यांनी मला कारखान्यात नेलं आणि फोन घेता घेता मी तिथलीच झाले. तेलाच्या वासानं पहिले काही महिने डोकं दुखायचं. मग सुट्टीच्या दिवशी तो वास नसला की चुकल्या चुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्याच सुमारास, म्हणजे नव्वदच्या दशकात, नानांनी एक परदेशी सीएनसी लेथ आणला. जुनाच, एका बंद पडलेल्या कारखान्यातला. कॉम्प्युटरमध्ये सांगून ठेवलं की आपलं आपण लोखंड कापणारं मशीन. क्रेननं ते उतरवत असताना नाना त्याच्याभोवती असे काही फिरत होते, की घरात नवरी येतेय असं वाटावं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला कोपरानं ढोसून म्हटलंही, "तुझ्या गृहप्रवेशाला एवढी धावपळ नव्हती हं." खरंच नव्हती. नानांनी तळहात ठेवला, बटण दाबलं, ते धूड घुमायला लागलं आणि नाना डोळे मिटून उभे राहिले. त्या मशीननं आमचा कारखाना मोठा केला.

पुढे काही वर्षांनी त्याचं डोकं गेलं. म्हणजे लोखंड ठणठणीत, पण कंट्रोलच्या कपाटातली इलेक्ट्रॉनिक कार्डं मेली, आणि तसली कार्डं कुठे मिळेनात. मशीनवर ताडपत्री पडली. आणि काय नशीब बघा, त्याच वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. काठीच्या आधारानं चालायला लागले, बोलणं बऱ्यापैकी परतलं, पण डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. कारखान्यात येणं बंद झालं. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्याकडे बघायचे, आणि काय झालं विचारलं तर म्हणायचे, "काय नाय."

मशीन विकून टाकावं असं ह्यांच्या मनात होतं. त्यावर मात्र नाना तोंड उघडून बोलले, "माझ्यासंगं त्याला बी भंगारात घाला." आता याच्यापुढे काय बोलणार? ह्यांनी चौकशी केली. लोखंड तेच ठेवून त्यावर नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवून देणारी माणसं असतात असं कळलं, त्या कामाला रेट्रोफिट म्हणतात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

माणसं असतात म्हणून ऐकलं होतं, आली एक बाई. माझ्याच वयाची, नामपूरकडची, काटकुळी, पायात पुरुषी बूट, स्कूटरवर पुढे हत्यारांची बॅग. कामगार तिला मॅडम म्हणायला लागले, मीही तेच म्हणू लागले. तिनं मला पहिल्याच दिवशी वहिनी करून टाकलं. नाकावर राग कसा असतो ते मी तिच्यात पाहिलं. एरवी अगदी शुद्ध बोलायची, पण चिडली की सरळ अहिराणीवर यायची. कुणी "मॅडम, ही वायर इथे यायची ना?" असं शहाणपण शिकवायला गेलं की "माले माहीत शे!" ऐकू आलंच. ते ऐकायला मजा येते म्हटल्यावर आमचे फिटर मुद्दाम शहाणपण शिकवायला जायला लागले.

मला ती आधी अजिबात आवडली नव्हती. आल्या आल्या तिनं ताडपत्री काढली, कपाट उघडलं आणि वायरींचं जंगल उपसून जमिनीवर टाकलं. आठवड्यामागून आठवडे गेले तरी मशीन जागचं हलेना. त्या कपाटाच्या जागी नवं पॅनल चकाचक उभं राहिलं, मोटरी मात्र तिनं मशीनवरून उतरवून कामाच्या बाकावर मांडून ठेवल्या. "जोडून एकदा चालू करून बघा की," असं ह्यांनी सुचवलं, तर म्हणते कशी, "सगळं एकदम चालू करायला ती काय विहिरीवरची मोटर आहे?" बाई होती म्हणून ह्यांनी ऐकून घेतलं.

मशीनचं रोज काय चाललंय ते मी घरी नानांना सांगायचे. एक दिवस ते म्हणाले, "मला घेऊन चला." आम्ही त्यांना गाडीतून आणलं, मशीनजवळ खुर्ची टाकली, आणि त्यानंतर ते रोजच यायला लागले. तिनं त्यांचे काही लाड केले नाहीत. पॅनलभोवती तिनं जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. "नाना, खुर्ची पट्टीच्या मागे," एवढंच म्हणाली. कारखान्याच्या मालकाला त्याच्याच कारखान्यात मागे सरकायला सांगणारी पहिलीच व्यक्ती. नाना सरकले.

एकदा पॅनलमध्ये करंट सोडून ती मीटरनं मोजत होती. मीटरची एक वायर चिमट्यानं अडकवलेली, दुसरी उजव्या हातात, आणि डावा हात पाठीमागे कमरेवर. बराच वेळ बघून नानांनी विचारलं, "बाई, डाव्या हाताला काय झालं?"

"काही नाही झालं, नाना. चालू पॅनलमध्ये एकच हात घालायचा. दोन्ही घातले आणि चुकून कुठे लागलं, तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. एक मागे ठेवला की वाचायची आशा."

नाना मांडीवरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मला कामावर ठेवायला हरकत नाय." आणि हसले. वाकडं, अर्ध्या तोंडाचं, पण अगदी खळाळून. झटक्यानंतर नाना हसलेले मी ऐकलेच नव्हते. ती पण मीटर खाली ठेवून हसत सुटली. मी ऑफिसात गेले, दार लावलं आणि रडून घेतलं.

दसरा जवळ आला तसं नानांनी जाहीर करून टाकलं की मशीन दसऱ्याला चालू करायचं, आणि ते स्वतः करणार. पण आता हात एकच. तो बटणावर ठेवला तर मशीनला कोणता लावणार? त्याचाही विचार त्यांनी करून ठेवला होता. "उजवा हात मी कॅरेजवर ठेवतो, बटण सूनबाई दाबतील." कॅरेज म्हणजे हत्यार धरून पुढेमागे सरकणारा मशीनचा भाग. झटक्यानंतर नानांनी आमच्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच. ह्यांनी लगेच मान डोलावली.

ती म्हणाली, "दसऱ्याला मोटर फिरेल, पण बाकावर. पहिल्या करंटला मशीनला कुणाचा हात नको. माझाही नको."

"माझा हात हाय. त्याचं मी बघीन," नाना म्हणाले.

"नाना, एकच उरलाय."

आमच्या घरात हे वाक्य कुणी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. नाना काठी टेकत उठले आणि गाडीत जाऊन बसले. घरी आल्यावर ताटाला हात न लावता उठले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यावर तोंडाचा पट्टाच सोडला. आजारी माणसाशी बोलायची काही रीत असते की नाही? कसला एवढा तोरा? एक बटण तर दाबायचंय, त्याला काय शास्त्र लागतं? काय काय बोलले ते आता आठवतही नाही, पण कमी नक्कीच बोलले नसेन.

ती चिडली नाही, हीच मोठी गोष्ट. म्हणाली, "वहिनी, इकडे या."

आधी तिनं मला लाल बटण दाखवलं, मुठीएवढं. ते दाबलं की पॅनलमध्ये खट्कन आवाज व्हायचा आणि मोटरींचा करंट तुटायचा. "बाकी काहीही जोडायच्या आधी मी हे जोडलं. जे थांबवता येत नाही ते मी चालूच करत नाही." मग एक साधा पिवळा बल्ब दाखवला, आपल्या मोरीत असतो तसला. मुख्य लाइन आणि ड्राइव्ह यांच्या मधोमध तिनं तो लावला होता. ड्राइव्ह म्हणजे मोटरला मोजून मापून करंट देणारा डबा, आणि त्या वेळी तो आमच्यासाठी सोन्याहून महाग. "आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहील. करंट तिथेच अडेल आणि ड्राइव्ह वाचेल. सगळं ठीक असेल तर एकदा पेटेल आणि मंद होईल. दाबा तुम्ही."

मी हिरवं बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. अगं बाई, जळलं वाटतं, म्हणून मी हातच मागे घेतला. पण मग तो हळूहळू मंदावला, तांबूस झाला, जवळजवळ विझला. "बघितलं? ड्राइव्हला भूक लागली होती, पोट भरलं, आता मागणं थांबलं," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मी बल्बकडे बघायची सोडून तिच्याकडेच बघत राहिले. मग तिनं सगळं बंद केलं, तरी आत हात घालीना. बंद केलं म्हणजे मेलं असं नसतं, आत करंट साठून राहतो, तो उतरू द्यायचा असतो. ती स्वस्थ उभी राहिली, मीटरनं मोजलं, आणि मगच हात घातला.

"मोटर अजून मला कळलेली नाही, वहिनी," ती म्हणाली. "करंट दिल्यावर ती काय करेल ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर त्यांचा हात कसा ठेवू देऊ?"

माझा राग गेला असं नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही.

दसरा उजाडला. मशीनं धुऊनपुसून लखलखीत, झेंडूचे हार, आंब्याचे डहाळे, हळदीकुंकू. भटजी आले, शेजारच्या कारखान्यांतली माणसं आली. नाना पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. खुर्ची पिवळ्या पट्टीच्या आत होती. आणि मोटर बाकावर नव्हती. ती मशीनवर होती. वडील जेवत नाहीत हे ह्यांना बघवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मॅडम घरी गेल्यावर ह्यांनी फिटरकडून मोटर परत चढवून घेतली होती. सकाळी मी पूजेचं तबक घेऊन गेले तेव्हा मला कळलं.

ती आली ती साडी नेसून, केसांत अबोली माळून. आम्ही तिला साडीत पहिल्यांदाच बघत होतो. तिनं बाकाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, कॅरेजवर ठेवलेल्या नानांच्या हाताकडे पाहिलं. "मोटर कुणी चढवली?"

"मॅडम, आजच्या दिवस," ह्यांनी अगदी अजिजीनं म्हटलं. "वडिलांसाठी."

मला वाटलं, आता हिची अहिराणी सुरू होणार आणि चारचौघांत शोभा होणार. पण तिनं पदर खोचला. मेन स्विच खाली ओढला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. बॅगेतून पान्हे काढले आणि त्या कोऱ्या साडीनिशी मशीनपुढे ग्रीसमध्ये गुडघे टेकले.

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"टळू द्या."

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी तबक धरून उभी, काय करावं ते सुचेना. नानांनी मात्र हात उचलला नाही. त्यांच्या हाताच्या अगदी शेजारी ती बोल्ट सोडवत होती. मोटर निघाली. एका फिटरच्या मदतीनं तिनं ती बाकावर नेली, शिकंज्यात घट्ट आवळली, वायरी जोडल्या आणि मग नानांपुढे येऊन उभी राहिली. हात काळे, केसांतली अबोली ओघळलेली.

"नाना, माझ्यावर रागवा. पुढचं काम दुसऱ्या कुणाला द्या, चालेल मला. पण आज हात काढा. पट्टीच्या मागे बसून बटण तुम्ही दाबा."

नानांनी तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी हात उचलला. आम्ही खुर्ची मागे घेतली, तिनं लांब वायरीवरचं हिरवं बटण त्यांच्या हाताशी दिलं, कुलूप काढलं, स्वतः लाल बटणापाशी उभी राहिली आणि मान हलवली. नानांनी हिरवं बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग ती मोटर किंचाळली. दुसरा शब्दच नाही. एकदम पूर्ण वेगात सुटली, अवजड बाक थडथडायला लागला, त्यावरचा पूजेचा नारळ गडगडत खाली आला, शिकंजा सरकायला लागला. खट्! तिनं लाल बटण दाबलं होतं. मोटर फिरत फिरत थांबली.

तिनं नंतर समजावून सांगितलं. मोटर किती वेगानं फिरतेय हे ड्राइव्हला कळवणारा एक छोटा भाग मोटरच्या मागे असतो. ही मोटर आधीच्या मालकाकडे कधीतरी रिवाइंड झाली, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळली गेली असावी आणि वायरींचे रंग बदलले असावेत. त्यामुळे निरोप उलटा जात होता. ड्राइव्हला वाटलं मोटर उलटी पळतेय, त्यानं जोर लावला, आणि जितका जोर लावावा तितकं त्याला वाटे ती आणखी उलटी पळतेय. कुणाची चूक नव्हती. वायरी बघून ते कळण्यासारखंही नव्हतं. मोटर मशीनवर असती तर कॅरेज त्याच वेगानं जाऊन समोर आदळलं असतं, आणि मध्ये नानांचा हात असता.

हे ह्यांना तिनं सांगायच्या आधीच कळलं होतं. हे मटकन खाली बसले, तेलाच्या पिंपावर, नव्या कपड्यांनिशी. पाहुण्यांत कुणीतरी पुटपुटलं, "दसऱ्याच्या दिवशी अपशकुन."

"कोण म्हणलं?" नाना कडाडले. झटक्यानंतर तो आवाज आम्ही विसरलोच होतो. त्यांनी उजवा हात सगळ्यांपुढे वर धरला, मूठ मिटली, उघडली, परत मिटली. "ह्यो बघा शकुन." आणि मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, "बाई, आज जेवायला आमच्या घरी."

तेव्हा मला दिसलं की मोटर कधीच थांबली होती, तरी ती लाल बटण दाबून धरूनच उभी होती.  मला ती बाई त्या क्षणी इतकी आवडली की काय सांगू! जवळ जाऊन मी तिचे ते काळे हात माझ्या हातांत धरले. मोठी शूर म्हणून नाही. भीती आम्हा सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त होती, आणि तिनं त्या भीतीचं ऐकलं होतं. भटजी, मुहूर्त, मालक, पाहुणे, कुणाकुणाची पर्वा न करता ऐकलं होतं. दुपारी मी तिच्या ताटात श्रीखंड ती नको म्हणेपर्यंत वाढलं, आणि नको म्हटल्यावर आणखी एकदा वाढलं. नानांनीही पोटभर जेवण केलं.

दोन वायरींची अदलाबदल केल्यावर तीच मोटर गायीसारखी गरीब झाली. मला वाटलं, चला, आता दोन दिवसांत काम संपेल. छे! दुसऱ्या मोटरीसाठी तिनं पुन्हा तोच बल्ब लावला, तेच मोजमाप, तेच थांबणं, जसं काही पहिल्यांदाच करतेय. एकदा बरोबर आलं म्हणून पुढचं सोडून द्यावं, हे तिच्या स्वभावातच नव्हतं. मी तिच्या हाताखाली बल्ब धरायला शिकले. आमचे फिटरही हळूहळू तिचं बघून स्विचला कुलूप लावायला लागले, आणि कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. ह्यांनी तर स्वतः नवी पिवळी पट्टी आणून चिकटवली.

दिवाळीनंतर मोटरी मशीनवर चढल्या. सगळं तपासून झालं होतं. आता शेवटचं काम राहिलं होतं, कॅरेज अगदी मुंगीच्या पावलानं सरकवत ते सरळ रेषेत चालतंय का बघायचं. त्यासाठी तिला मशीनचं दार उघडं ठेवून आत हात घालावा लागणार होता, बारीक फरक सुईनं दाखवणारं डायल धरून. करंट चालू असताना.

ती नानांना म्हणाली, "नाना, आता या. आता तुम्ही हात ठेवू शकता, या बाजूला, इथे. मी सांगते तसा ठेवा. लाल बटणापाशी वहिनी थांबतील."

मी पुढे झाले. नाना काठी टेकत मशीनपाशी आले. एवढे महिने ज्याच्यासाठी थांबले होते ते कॅरेज अगदी हाताशी होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आत डायल धरून बसलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं. आणि मला म्हणाले, "सूनबाई, व्हा बाजूला."

"अहो नाना, पण मग मशीनला हात..."

"तिचा हात आत हाय."

त्यांनी काठी माझ्याकडे दिली, पॅनलला टेकून उभे राहिले आणि आपला एकुलता एक हात लाल बटणावर ठेवला. मशीनकडे बघतही नव्हते, नजर फक्त तिच्या बोटांवर. तिनं आतून विचारलं, "सरकवू का, नाना?"

"सरकव पोरी," नाना म्हणाले. "मी हाय."